'हॅव' आणि 'आहे'

इंग्रजी भाषेंतील अवघड शब्द कोणते असें कोणी विचारिलें, तर लोक लांबलचक शब्दांकडे बोट दाखवितात. आम्हीं इंग्रजी शिकविण्यांत एकतीस वर्षें घालविलीं, आणि आमचा अनुभव नेमका उलट आहे. लांब शब्द एकदां पाठ झाला म्हणजे तो निमूटपणें आपल्या जागीं बसून राहतो. खरा त्रास देतात तीं रोजच्या बोलण्यांतलीं, दोनतीन अक्षरांचीं क्रियापदें. त्यांतही 'हॅव' ह्या क्रियापदानें आमच्या विद्यार्थ्यांस जितकें रडविलें, तितकें दुसऱ्या कोणीं रडविलें नसेल. तें एक दिवस आम्हांसही रडवील असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. पण त्याआधीं ह्या क्रियापदाची थोडी ओळख करून देणें जरूर आहे.

इंग्रज गृहस्थ सकाळीं उठला म्हणजे स्नान 'हॅव' करतो, न्याहारी 'हॅव' करतो, चहा 'हॅव' करतो. मित्र भेटला तर त्याच्याशीं दोन शब्द 'हॅव' करतो. पडसें झालें तर तेंही 'हॅव'च करतो. आणि त्याच्या घरीं पाळणा हालला, तर त्याच्या पत्नीनें मूल 'हॅव' केलें असें म्हणतात. आपल्याकडे ह्या प्रत्येक नामाचें क्रियापद वेगळें. स्नान आपण करतों, चहा घेतों, डुलकी काढतों, गप्पा मारतों. पडसें आपणांस होतें आणि ताप येतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसास हीं सारीं क्रियापदें वेगवेगळीं पाठ करावीं लागतात. आणि आपल्या मुलांस तीं सारीं विसरून एकट्या 'हॅव'च्या हवालीं व्हावें लागतें.

एवढ्यावर भागत नाहीं. घराला रंग लावून घेतला हें सांगावयाचें तरी 'हॅव'च, आणि बाजारांत खिसा कापला गेला हें सांगावयाचें तरी तेंच. 'ही हॅड हिज हाउस पेंटेड' आणि 'ही हॅड हिज पॉकेट पिक्ड' ह्या दोन वाक्यांचा घाट एकच आहे. पहिल्यांत मनुष्य पैसे देऊन काम करवून घेतो, दुसऱ्यांत त्याचे पैसे नकळत जातात; पण क्रियापदास त्याची दादही नसते. शिवाय पूर्ण वर्तमान आणि पूर्ण भूत हे दोन काळ तर ह्याच्याच खांद्यावर उभे आहेत. 'माझा चहा झाला आहे' हें सांगतांना 'आय हॅव हॅड माय टी' असें एकच क्रियापद दोनदां येतें, आणि पूर्ण भूतकाळांत तर 'हॅड हॅड' अशी जोडगोळीच उभी राहते. ती पाहून एका मुलानें, "सर, ही छापणाराची चूक आहे काय?" असें आम्हांस विचारिलें होतें.

ह्या काळांची उत्पत्ति मोठी मौजेची आहे. फार पूर्वीं 'माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितींत आहे' अशा अर्थानें इंग्रज हें क्रियापद वापरीत. कालांतरानें पत्र जवळ असण्याचा अर्थ गळून गेला आणि 'मीं पत्र लिहिलें आहे' एवढाच अर्थ मागें राहिला. खुद्द 'हॅव'चें मूळ भाषाशास्त्रज्ञ मुठींत पकडणें ह्या अर्थाच्या एका प्राचीन धातूंत दाखवितात. लॅटिनमधील 'कापेरे', म्हणजे पकडणें, हें क्रियापद त्याचें सगोत्र होय. लॅटिनमध्येंच 'हाबेरे' असें दुसरें एक क्रियापद आहे. तें दिसावयास 'हॅव'सारखें आणि अर्थही तोच. परंतु तें ह्या कुळांतलें नव्हे. तोंडावळ्यावरून नातें ठरवूं नये हा नियम शब्दांनाही लागू आहे.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. वाचकांनीं क्षणभर आठवून पाहावें: 'हॅव' ह्याला मराठींत प्रतिशब्द कोणता? उत्तर असें कीं, नाहीं. आपणांकडे केवळ 'असणें' आहे, आणि वस्तूचें व आपलें नातें काय तें विभक्तीनें किंवा शब्दयोगी अव्ययानें सांगावें लागतें. मला दोन भाऊ आहेत. माझ्याजवळ शंभर रुपये आहेत. माझ्याकडे आज पाहुणे आहेत. माझें गांवीं घर आहे. त्याच्या अंगीं धीर आहे. इंग्रजीच्या मतें ह्या पांचही ठिकाणीं मनुष्यानें कांहीं तरी मुठींत धरलें आहे. मराठीच्या मतें भाऊ जवळ ठेवावयाची वस्तु नव्हे, आणि धीर खिशांत घालतां येत नाहीं. 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असें कोणी म्हटलें, तर ते त्याच्या घरीं राहावयास आले आहेत इतकाच अर्थ होईल. संस्कृताची रीतही अशीच, षष्ठी आणि 'अस्ति' ह्यांनीं काम भागविण्याची. लॅटिनमध्यें 'हाबेरे' असूनही 'मला पुस्तक आहे' असें म्हणण्याची सोय होती, आणि रशियन लोक आजही 'माझ्यापाशीं आहे' ह्याच धर्तीवर बोलतात.

ह्यावरून मराठी माणूस निर्लोभ आणि इंग्रज तेवढा लोभी असा सिद्धान्त काढण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्हीं तो कधीं काढला नाहीं. 'हॅव'ला प्रतिशब्द नसलेल्या ह्याच भाषेंत आपले लोक बांधाच्या वीतभर जागेसाठीं तीन पिढ्या कोर्टांत भांडतात. व्याकरणानें स्वभाव बदलत नाहीं. फार तर एवढेंच होतें कीं, कांहीं गोष्टी एका भाषेंत चटकन् म्हणतां येतात आणि दुसरींत तोंडांतून निघत नाहींत. ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. आम्हीं स्वतःच तें घालून दिलें आहे.

आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा सातारच्या घरीं राहून हिशेबनिसाची नोकरी करीत, आम्ही मधले, आणि धाकटा पुण्यास. वडील १९८४ सालीं वारले. त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १९८६ च्या उन्हाळ्यांत, आम्हांस कोल्हापुरांत जागा घ्यावयाची होती आणि पैशाची अडचण होती. सातारच्या घरांत आपला वाटा किती, तो मोकळा करून घेतां येईल काय, हें दादांना विचारावयाचें होतें. मराठींत चारपांच वेळां पत्र लिहावयास घेतलें. 'तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार' इतकें लिहून झालें कीं पुढें लेखणी चालेना. शेवटीं आम्हीं तें पत्र इंग्रजींत लिहिलें. इंग्रजींत तें दहा मिनिटांत झालें. त्यांतील एक वाक्य आम्हांस अजून पाठ आहे: 'आय हॅव अ राइट टू नो व्हॉट आय हॅव.' व्याकरणदृष्ट्या त्यांत काडीची चूक नाहीं.

चौथ्या दिवशीं दादांचें कार्ड आलें, मराठींत. घराचे कागद माजघरांतील कपाटांत आहेत, किल्ली तुझ्या वहिनीजवळ आहे, शनिवारीं ये आणि सारें स्वतः पाहून घे; मुलांनाही आण, आंबे उतरले आहेत. एवढाच मजकूर. आम्ही गेलों. कपाटांत कागदांबरोबर दादांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. त्यांतील १९६९ सालच्या वहींत आमच्या कॉलेजची फी लिहिलेली दिसली. दादांचा पगार तेव्हां बेताचाच होता. ती रक्कम आमच्या नांवें मांडलेली नव्हती. किराणा आणि दूध ह्यांच्या खालोखाल 'घरखर्च' ह्या सदरांत ती होती. आम्हीं वही मिटली, आंबे खाल्ले आणि रविवारच्या गाडीनें परत आलों. वाट्याचा विषय आम्हीं पुन्हां काढला नाहीं आणि दादांनींही काढला नाहीं. निवृत्त झाल्यावर आम्ही सहकुटुंब सातारलाच राहावयास आलों, तेव्हां माडीवरच्या दोन खोल्या त्यांनीं आधींच झाडून ठेविल्या होत्या.

शाळेंत मात्र आम्ही ह्या काळांत 'हॅव'चे कडवे शिपाई होतों. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असें मुलें लिहीत, आणि आम्ही तें लाल शाईनें खोडीत असूं. 'चहा घेत आहें' ह्या अर्थीं 'हॅविंग' चालतें, कारण चहा घेणें ही क्रिया आहे. भाऊ असणें ही क्रिया नव्हे, ती स्थिति आहे, आणि स्थितीला चालू काळ नाहीं, हें आम्हीं किती वर्गांस सांगितलें असेल त्याची गणती नाहीं. दुसरें एक वाक्य मुलें हमखास लिहीत: 'वुई आर थ्री ब्रदर्स.' तेंही आम्ही खोडीत असूं. तें सरळ सरळ 'आम्ही तिघे भाऊ' ह्याचें भाषांतर आहे. इंग्रज माणूस तसें म्हणत नाहीं. तो स्वतःस वगळून मोजतो आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' म्हणतो. असें समजावून देऊन आम्ही पुढच्या वहीकडे वळत असूं.

२०२२ सालची गोष्ट. आमची नात तेव्हां दुसरींत होती. 'माझें कुटुंब' ह्या विषयावर तिला इंग्रजींत पांच वाक्यें लिहावयाचीं होतीं. तिनें लिहिलें, 'आय हॅव थ्री ग्रँडफादर्स.' मोठे आजोबा, मधले आजोबा आणि धाकटे आजोबा असे तिचे तीन आजोबा. शाळेंतून वही आली ती त्या 'थ्री'खालीं लाल रेघ घेऊन. बाईंनीं वर 'टू' लिहिलें होतें. एक वडिलांचे वडील आणि एक आईचे वडील. आईचे वडील तर आमच्या नातीनें मोजलेच नव्हते; ते तिचे 'नाना'. दादांनीं वही हातांत घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हिशेब चुकला आहे खरा. चार पाहिजेत." त्यावर सारें घर हंसलें. नातीनें 'टू' खोडून 'फोर' केलें आणि वही दप्तरांत टाकली.

पुढच्या वर्षीं वैशाखांत दादा गेले. चार दिवस ताप होता, पांचव्या दिवशीं पहाटे संपले. वय एक्क्याऐंशीं, म्हणजे लोकरीतीनें कोणी अकाळीं म्हणणार नाहीं.

दिवस झाल्यावर वारसाच्या कागदांचें काम निघालें. दादांचा मुलगा अमेरिकेंत असतो. त्याला चारच दिवसांत परतावयाचें होतें. वकिलांनीं सांगितलें कीं, मृताजवळ काय काय होतें त्याची यादी इंग्रजींत करून द्या. ती कामगिरी साहजिकच आम्हांकडे आली. वर 'ही हॅड' असें लिहून खालीं आंकडे घालीत जावयाचें: बँकेंतील ठेव इतकी, घराचा तिसरा हिस्सा, चांदीचीं भांडीं इतकीं. अर्ध्या तासांत यादी संपली. एका पानावर दादा बसले. मग आम्ही तें पान समोर ठेवून मनाशीं मराठींत म्हणूं लागलों. दादांजवळ फारसा पैसा नव्हता. दादांचें घर होतें, पण तें त्यांनीं कधीं 'माझें' म्हटलें नाहीं. दादांकडे अर्ध्या आळीचे लोक अर्ज लिहून घेण्यास येत. दादांच्या अंगीं सोशिकपणा होता. दादांना दोन भाऊ होते.

येथें आम्ही अडखळलों. दादांना दोन भाऊ 'होते' म्हणजे काय? भाऊ तर अजून आहेत. त्यांतला एक ही यादी करीत बसला आहे. गेले ते दादा. पण 'होते' हें क्रियापद बसलें भावांवर. ज्या मराठीचा आम्हीं इतका वेळ अभिमान बाळगिला, ती 'आहे' आणि 'होतें' ह्यांपलीकडे आमची कांहीं सोय करीना. त्याच वेळीं कपाटाच्या तळाशीं आमचें १९८६ सालचें तें इंग्रजी पत्र सांपडलें. घराच्या इतर कागदांबरोबर दादांनीं तें व्यवस्थित फायलींत लावलें होतें आणि कोपऱ्यांत, हिशेबनिसाच्या संवयीनें, पत्र पावल्याची तारीख टाकली होती. दुसरा शेरा कांहीं नव्हता.

त्याच आठवड्यांत शाळा सुरू झाली, आणि नात तिसरींत तोच 'माझें कुटुंब' हा विषय घेऊन आमच्याकडे आली. "आजोबा, आतां 'हॅव' लिहूं कीं 'हॅड'?" तिनें विचारिलें.

एकतीस वर्षें हेंच शिकविलें, पण उत्तर देववेना. 'आय हॅव थ्री' म्हणावें तर आतां तें खरें नाहीं. 'आय हॅड थ्री' म्हणावें तर ऐकणारास वाटेल कीं तिन्ही आजोबा गेले. आम्हीं तिला सांगितलें, "'आय हॅव टू' असें लिही. इंग्रजींत तेंच बरोबर." ती कांहीं वेळ पेन्सिल चावीत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मोठ्या आजोबांना वजा करायचं?" आम्हांस तेथून उठून गच्चीवर जावें लागलें.

विल्यम वर्ड्‌स्वर्थ ह्या इंग्रज कवीची 'वुई आर सेव्हन' ह्या नांवाची एक कविता १७९८ सालच्या 'लिरिकल बॅलड्स' ह्या संग्रहांत आहे. आम्हीं ती वर्गांत अनेकदां शिकविली आहे. आठ वर्षांची एक खेडवळ मुलगी आपण सात भावंडें असें सांगते. त्यांतील दोघें घराजवळच्या दफनभूमींत आहेत. विचारणारा प्रवासी पुनः पुनः वजाबाकी करून पांच हा आंकडा तिच्या गळीं उतरवूं पाहतो आणि ती ऐकत नाहीं. आम्ही वर्गांत ह्या कवितेचें रसग्रहण करीत असूं, लहान मुलास मृत्यूची कल्पना नसते असें टिपण देत असूं. गच्चीवर उभे असतां प्रथमच ध्यानांत आलें कीं, ती मुलगी 'हॅव' वापरीत नाहीं. तिचें क्रियापद 'आर', म्हणजे आपलें 'असणें'. भावंडें तिनें मुठींत धरलेलीं नाहींत. ती स्वतः त्यांच्यांत उभी राहून मोजते. त्यामुळें कोणी गेलें तरी आंकडा कमी होत नाहीं. आणि आम्ही त्या प्रवाशाच्या जागीं उभे होतों.

खालीं आलों तों ओटीवर पलीकडच्या घरांत नव्यानें राहावयास आलेलीं पतिपत्नी भेटीस आलीं होतीं. बोलतां बोलतां त्या गृहस्थांनीं सहज विचारिलें, "आपण भाऊ किती?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करूं लागलों. दोघे म्हणावें, कीं तिघे होतों म्हणावें? इतक्यांत वहिनी बोलल्या. त्या दाराशीं फुलवाती वळीत बसल्या होत्या. मान वर न करितां त्या म्हणाल्या, "तिघे भाऊ. हे मधले, धाकटे पुण्याला. मी थोरल्यांची."

बस्स. त्यांत 'आहे' नव्हतें, 'होतें' नव्हतें, 'हॅव' तर नव्हतेंच. आपल्या भाषेंत क्रियापदावांचूनही वाक्य उभें राहतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. 'त्याचें नांव गोविंद', 'हा माझा भाऊ' अशीं वाक्यें आपण रोज बोलतों, आणि व्याकरणांत तेथें क्रियापद अध्याहृत असतें असें शिकवितात. अध्याहृत म्हणजे वाक्यांत नसलेलें, पण मनांत धरलेलें. जें उच्चारलेंच नाहीं त्याला काळ कसा लागावा? वहिनींनीं विचार करून वाक्य रचलें नव्हतें. त्यांना जें वाटत होतें तें त्या बोलल्या. पाहुण्यांनींही पुढें कांहीं विचारिलें नाहीं.

पाहुणे गेल्यावर आम्हीं नातीस बोलाविलें आणि आपलें आधींचें उत्तर मागें घेतलें. ती म्हणाली, "मग काय लिहूं?" आम्हीं म्हटलें, "तुझं तूंच लिही. मी खोडणार नाहीं." तिनें बराच वेळ वहीवर डोकें घालून एक वाक्य लिहिलें आणि आम्हांपुढें धरलें. 'माय ग्रँडफादर्स आर थ्री ब्रदर्स.'

हें इंग्रजी रुळलेलें नव्हे. हा घाट आम्हीं आयुष्यभर लाल शाईनें खोडला, आणि ज्यांच्या वह्यांवर खोडला तीं मुलें आतां पन्नाशीला आलीं असतील. त्यांतल्या कित्येकांनीं आपापले भाऊ वेगळे होऊन आणि मरूनही पाहिले असतील. त्यांची आम्हीं शिकविलेलें 'आय हॅव टू ब्रदर्स' हें वाक्य शुद्ध होतें ह्याबद्दल आजही शंका नाहीं. परीक्षेंत तेंच लिहावें आणि इंग्रज माणसाशीं बोलतांना तेंच बोलावें. फक्त तें खोडतांना, 'तुझें वाक्य आपल्या घरीं बरोबर आहे, इंग्रजाच्या घरीं रीत निराळी', एवढें समासांत लिहिलें असतें तर बरें झालें असतें असें वाटतें.

नातीचें वाक्य आम्हीं तसेंच राहूं दिलें. शाळेंतून वही अजून परत आलेली नव्हती, तोंच तिनें तें वाक्य वहिनींना वाचून दाखविलें. वहिनींना इंग्रजी बेताचेंच येतें. त्यांनीं अर्थ विचारिला, आणि अर्थ ऐकून म्हणाल्या, "बरोबरच आहे कीं. ह्यांत शिकण्यासारखं काय होतं, भावजी?"